परभूमीवरील हिंदी माणसाची नावे : कोल्हापूरच्या संदर्भात एक टिपण

परदेशांतील लोक आपल्याविषयी काय समजतात, हे जाणून घेण्याची साधने म्हणून इतिहासाचे अभ्यासक सामान्यतः प्रवासवर्णने, सरकारी दप्तरे आणि वृत्तपत्रे यांचा आधार घेतात. या तिन्ही साधनांत एक उणीव आहे. ती लिहिणारा मनुष्य आपण काही लिहीत आहो या जाणिवेने लिहितो आणि म्हणून पुष्कळदा सभ्यतेने किंवा हेतुपुरस्सर लिहितो. याच्या उलट, रस्त्यावरचा मनुष्य परक्यास ज्या नावाने हाक मारतो, त्या नावात त्याची समजूत व गैरसमजूत दोन्ही नकळत उतरलेल्या असतात. भाषेच्या अभ्यासकास हे साधन सहज हाती लागण्याजोगे आहे. प्रस्तुत टिपणात त्याचा उपयोग कोल्हापूरशी संबंध असलेल्या काही प्रकरणांपुरता करून पाहिला आहे. 'हिंदी' हा शब्द येथे जुन्या मराठीतल्याप्रमाणे 'हिंदुस्थानचा' या अर्थी योजिला आहे. त्याचा अर्थ आक्रसून तो एका भाषेचे नाव बनला ही गोष्ट अलीकडची होय.

मूळ नावाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सिंधू या नदीनामातील सकाराचा इराणी मुखात हकार झाला. दर्यावुशाच्या शिलालेखांत 'हिंदुश' हा प्रांत आढळतो. ग्रीकांनी तो हकारही टाकला व 'इंडोस' केले. सातव्या शतकात महाराष्ट्रापर्यंत येऊन गेलेला युआन श्वांग हा चिनी यात्रेकरू, आपल्या देशबांधवांनी या देशाच्या नावाची जी निरनिराळी रूपे केली होती ती चुकीची ठरवून 'यिन्-तु' हे रूप ग्राह्य धरतो. म्हणजे पश्चिमेकडच्यांनी काय किंवा उत्तरेकडच्यांनी काय, आपणांस ओळखले ते एका नदीवरून. आणि त्या नदीचे पाणी महाराष्ट्रातील शेकडा नव्याण्णव माणसांनी कधी पाहिलेले नाही. पुढे १४९२ साली कोलंबस भलत्याच किनाऱ्याला लागला व तेथील लोकांनाही तेच नाव पडले. या एका चुकीने युरोपच्या प्रत्येक भाषेपुढे एक अडचण उभी राहिली : एकाच शब्दाचे दोन धनी. ही अडचण कोणत्या भाषेने कशी सोडविली, हे पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरेल.

पहिले प्रकरण छत्रपती राजाराम महाराजांचे. १८६६ साली ते दत्तक येऊन करवीरच्या गादीवर बसले. मे १८७० मध्ये ते मुंबईहून युरोपच्या प्रवासास निघाले, तेव्हा सुवेझचा कालवा खुला होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. कोल्हापुरास त्या वेळी आगगाडी नव्हती. ती १८९१ साली आली, आणि स्थानकालगतची शाहूपुरी पेठ तर त्याहूनही नंतरची. महाराज इंग्लंडात काही महिने राहिले, व्हिक्टोरिया राणीस भेटले, पुष्कळ पाहिले आणि जे पाहिले ते इंग्रजीत रोजनिशीत टिपून ठेवले. कॅप्टन एडवर्ड वेस्ट याने संपादिलेली ती रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर इटलीकडे येताना त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. वय वीस वर्षांचे.

फ्लॉरेन्स ही त्या वेळी इटलीची राजधानी होती. परधर्मीय राजाचा देह उघड्यावर दहन करण्याची सोय तेथील कायद्यात नव्हती. इटलीत आधुनिक पद्धतीचे पहिले दहन मिलान शहरी व्हावयास १८७६ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मागणीचे अपूर्वत्व ध्यानात येते. दोन जलप्रवाहांच्या संगमावर दहन व्हावे या सहचरांच्या इच्छेप्रमाणे आर्नो व मुन्योने या नद्यांचा संगम निवडण्यात आला, ब्रिटिश वकिलातीच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली, आणि रात्रीच्या वेळी चिता पेटली. पाहावयास गावकऱ्यांची गर्दी लोटली होती. पंचगंगेच्या काठी जो विधी कोणाचे लक्षही वेधून घेत नाही, तो आर्नोच्या काठी एक नवल झाला.

त्या जागी १८७४ साली छत्रीवजा स्मारक उभारण्यात आले. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मांट याचा. आपल्या येथील नव्या राजवाड्याचा शिल्पकारही तोच. अर्धपुतळा फ्लॉरेन्स येथे राहणाऱ्या फुलर या इंग्रज मूर्तिकाराने घडविला. स्मारकावर महाराजांचे नाव आहे, कोल्हापूरचे नाव आहे, मृत्यूची तारीख आहे, आणि ते एकाहून अधिक भाषांत आहे. वाचणाऱ्यास काही कमी पडावे असे नाही. तरीही फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या स्मारकास व त्या जागेस नाव दिले ते 'इंडियानो', म्हणजे 'तो हिंदी मनुष्य'. आजूबाजूच्या परिसरास हेच नाव चिकटले. १९७० नंतरच्या दशकात आर्नोवर त्याच ठिकाणी तारांनी तोललेला मोठा पूल बांधण्यात आला, त्याचेही नाव 'पोंते आल्लिंदियानो' असेच पडले. त्या पुलावरून रोज सहस्रावधी वाहने जातात आणि वाहतुकीच्या सूचनांत हा शब्द उच्चारला जातो. त्यामागे कोल्हापूरचा एक वीस वर्षांचा राजा आहे, हे त्यातील किती जणांस ठाऊक असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यात अवमान आहे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते नाही. ज्या गावात एकच 'हिंदी' आहे, त्या गावात त्यास वेगळ्या नावाची गरज नसते. आपल्याकडेही खेड्यात एकच घर परगावाहून आलेले असेल तर त्या घरास गावाचे नाव पडते आणि दोन पिढ्यांनी तेच आडनाव होते. परंतु अवमान नसला तरी लोप आहे. व्यक्ती, घराणे, राज्य व भाषा या चारही गोष्टी गळून देश तेवढा उरतो. शिवाय इटालियन भाषेने मघाच्या अडचणीचा उलगडा केलेला नाही : हिंदुस्थानचा रहिवासी आणि अमेरिकेचा मूळ रहिवासी या दोघांसाठी तिच्यात 'इंडियानो' हा एकच शब्द दीर्घकाळ चालत आला आहे. त्याच भाषेत 'इंडियानोचे सोंग घेणे' असा एक वाक्प्रचार आहे. कळत असून न कळल्यासारखे करणे, हा त्याचा अर्थ. हा 'इंडियानो' बहुधा अमेरिकेतला असावा. परंतु शब्द एकच असल्यामुळे वाक्प्रचाराची छाया दोघांवरही पडते. अशा छाया पुराव्याने सिद्ध करता येत नाहीत, आणि त्या नाकारताही येत नाहीत.

जाता जाता एक ताजे उदाहरण नोंदविण्यासारखे आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील वेशभूषेच्या प्रदर्शनात एका विख्यात इटालियन पेढीने जी पादत्राणे दाखविली, ती कोल्हापुरी चपलेच्या घडणीची होती. मात्र त्यांचे वर्णन केवळ चामड्याची पादत्राणे एवढेच करण्यात आले. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. येथे ओरड झाल्यावर पेढीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. १८७० साली कोल्हापूरचे नाव गेले आणि देशाचे उरले. २०२५ साली प्रथम देशाचेही नाव नव्हते. माणसाच्या नावाविषयी जो आग्रह आपण कधी धरला नाही, तो चपलेच्या नावाविषयी धरला आणि तो फळास आला, ही गोष्ट मौजेची खरी, पण तीत शिकण्यासारखेही काही आहे.

दुसरे प्रकरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. राजाराम महाराज कोल्हापुराहून निघाले व परत आले नाहीत. आनंदीबाई कोल्हापुरास यावयाच्या होत्या व पोहोचल्या नाहीत. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली, आणि कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील, स्त्रीविभागाची जागा त्यांस देऊ केली. ती त्यांनी स्वीकारलीही होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई स्वदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास निवर्तल्या. त्या वेळी त्यांस बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्यांची रक्षा अमेरिकेत श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ठेवण्यात आली.

तेथील शिळेवरील लेख फ्लॉरेन्सच्या लोकप्रचलित नावाशी ताडून पाहण्यासारखा आहे. त्यात नाव आहे, वैद्यकीय पदवी आहे, जन्ममृत्यूची साले आहेत, आणि शिक्षणार्थ हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख आहे. 'ब्राह्मण' हा शब्द अमेरिकेच्या त्या शिळेवर का यावा? कारण त्या काळच्या सुशिक्षित अमेरिकनाच्या मनात हिंदुस्थानचे जे चित्र होते, त्यात धर्म, तत्त्वज्ञान आणि जात यांनाच जागा होती. नागरिक, करदाता, कामकरी यांना नव्हती. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशीच्या पोशाखात आहेत. वैद्यक शिकणाऱ्या तीन स्त्रिया असा त्या चित्राचा विषय नाही. तीन देश असा आहे. तथापि हेही सांगितले पाहिजे, की श्रीमती कार्पेंटर यांनी आनंदीबाईंस आपल्या घरी ठेवून घेतले, आनंदीबाईंनी त्यांच्याशी मावशीचे नाते जोडले, आणि शेवटी रक्षा गेली ती त्या नात्याच्या घरी. वर्गवाचक नाव आणि नातेवाचक नाव ही एकाच काळी, एकाच माणसासाठी, एकाच गावात चालू शकतात, ही गोष्ट या विषयावर लिहिताना विसरली जाते.

आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' असा होता. यातील 'आर्य' आणि 'हिंदू' हे दोन्ही शब्द त्या वेळी अमेरिकेत प्रतिष्ठेचे होते. त्यांचे पुढे काय झाले पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत व शेतांत पंजाबी मजूर काम करू लागले. त्यांतील बहुतेक शीख होते. परंतु तेथील लोक त्यांस सरसकट 'हिंदू' म्हणत. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावातून अशा शेकडो मजुरांस जमावाने हुसकून लावले. वीस वर्षांपूर्वी जो शब्द पाहुण्यासाठी होता, तोच आता हाकलून देण्याच्या माणसाचा झाला. शब्द बदलला नव्हता. तो धारण करणाऱ्याची संख्या आणि मजुरी बदलली होती.

'आर्य' शब्दाचा निकाल तर न्यायालयातच लागला. भगतसिंग थिंद हे अमृतसर भागातील शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व 'गोऱ्या' व्यक्तींस मिळे. म्हणून भाषाशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाच्या आधारे आपण आर्य आहोत, सबब त्या शब्दात येतो, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. निकालात थिंद यांचा उल्लेख 'उच्चवर्णीय हिंदू' असाच आहे. 'आर्य' ही संज्ञा भाषेपुरती आहे, तिच्यावरून वंश ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. येथपर्यंत ते भाषाशास्त्रास धरूनच होते. परंतु मग 'गोरा' कोण हे सामान्य माणसाच्या बोलण्यावरून ठरवावयाचे, असे सांगून त्याने निर्णय बाजाराच्या भाषेवर सोपविला. भाषाशास्त्रज्ञाचे वर्गीकरण ज्याने हक्कासाठी पुढे केले त्याच्या ते उपयोगी पडले नाही, आणि ज्यांनी हक्क काढून घेतले त्यांस बोलीभाषेचा पुरावा पुरला. या निकालानंतर काही हिंदी लोकांचे आधी मिळालेले नागरिकत्वही रद्द करण्यात आले. १९२०, १९३० व १९४० या तिन्ही शिरगणतींत 'हिंदू' हा अमेरिकेत धर्म नसून वंश होता. नागरिकत्वाचे दार १९४६ साली किलकिले झाले. 'एशियन इंडियन' ही आजची संज्ञा शिरगणतीत १९८० साली आली.

याच किनाऱ्यावर, गदर चळवळीच्या आरंभीच्या काळात, वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शेतकीशास्त्र शिकत व क्रांतीची खटपट करीत होते. पुढे ते मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या, आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराच्या भित्तिचित्रात त्यांची आकृती आली. मेक्सिकोच्या स्पॅनिश भाषेने एका शब्दाच्या दोन धन्यांची अडचण निराळ्या रीतीने सोडविली होती. 'इंडिओ' हा शब्द तेथील मूळ रहिवाशांकडे राहिला आणि त्यास तुच्छतेचा वास लागला. हिंदुस्थानातून आलेल्यास, त्याचा धर्म कोणताही असो, 'इंदू' म्हणू लागले. लिहिताना आरंभी हकार आहे, पण स्पॅनिश उच्चारात तो नाही. मुसलमान असो वा ख्रिस्ती, तो 'इंदू'च. एकाच शब्दाने उत्तर अमेरिकेत दार लागले आणि मेक्सिकोत उघडे राहिले. कारण शब्दात नव्हते. मेक्सिको नुकताच क्रांतीतून बाहेर पडत होता, त्यास मक्याचे व गव्हाचे बियाणे सुधारणारा मनुष्य हवा होता, आणि हिंदी मजूर तेथे मजुरी पाडावयास आलेला नव्हता.

राजा, विद्यार्थिनी व शास्त्रज्ञ या तिघांची नावे निदान दगडावर, पुस्तकात व भिंतीवर राहिली. समुद्रापार गेलेल्या बहुसंख्य मराठी माणसांचे तसे नाही. १८७० साली राजाराम महाराज लंडनमध्ये होते, त्याच वेळी त्याच शहराच्या लाइमहाउस भागात गोदीलगत आशियाई खलाशांसाठी १८५७ पासून चाललेले आश्रयगृह होते. हिंदी खलाशास इंग्रज 'लास्कर' म्हणत. हा आपलाच 'लष्कर' शब्द. फारसीतून पोर्तुगिजांकडे व त्यांच्याकडून इंग्रजांकडे जाताना सैन्याचा खलाशी झाला. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कोकणपट्टीची माणसे असत. मॉरिशसमध्ये हा शब्द आणखी सरकला : तेथील क्रिओल भाषेत 'लास्कर' म्हणजे मुसलमान, मग तो कधी बोटीवर चढलेला नसो. त्याच भाषेत 'मालबार' म्हणजे उत्तर हिंदुस्थानी हिंदू, ज्याच्या पूर्वजांनी मलबारचा किनारा पाहिलेलाही नाही; आणि तोही शब्द हेटाळणीचा. शेजारच्या रेयुनियाँ बेटात मात्र 'मालबार' म्हणजे तमिळ वंशाचा. दोन वसाहतींत, एका दिवसाच्या जलमार्गावर, एकच शब्द दोन निरनिराळ्या लोकांवर बसला.

१८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. प्रमाणाने थोडे, बहुतेक कोकणातले. बंदरावर उतरताच प्रत्येकास एक क्रमांक मिळे. कारकून फ्रेंच किंवा इंग्रजी कानाने ऐकून नाव लिही, गाव लिही, जात लिही. बापाचे नाव पुढे आडनाव बनले, आणि घराण्याचे जुने आडनाव पुष्कळांच्या बाबतीत नोंदीतच आले नाही. आज तेथे मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, झाकडी नाचली जाते. राज्यघटनेच्या वर्गवारीत हे लोक 'हिंदू'. परंतु तेथील नित्याच्या बोलण्यात 'हिंदू' म्हणजे भोजपुरी-हिंदी परंपरेचे, आणि मराठी, तमिळ, तेलुगू हे वेगळे. म्हणजे घटनेचा शब्द व अंगणातला शब्द एक असून अर्थ दोन. त्या स्थलांतरितांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. त्यांतील मुंबईहून आलेल्यांची ग्रामनामे कोकणच्या व घाटमाथ्याच्या गावांशी लावून पाहण्याचे काम इतिहासकारापेक्षा भाषेच्या अभ्यासकाचे आहे. कारण कारकुनाच्या कानाने केलेली विकृती नियमबद्ध असते, आणि नियम सापडला तर गाव सापडते. मॉरिशसहून पूर्वजांचे गाव शोधीत येणाऱ्या माणसास आज आपण बहुधा रिकाम्या हाती परत पाठवितो.

आता हाच आरसा आपल्याकडे वळवून पाहावयास हरकत नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. रशियातून इराणमार्गे आलेले, बहुतेक स्त्रिया व मुले. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि वॉर्सा शहरी कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, जेथे ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिले. पोलिश भाषेने मघाची अडचण सर्वांत स्वच्छपणे सोडविली आहे : अमेरिकेचा तो 'इंदियानिन', हिंदुस्थानचा तो 'हिंदुस', आणि धर्माने हिंदू असेल त्यासाठी तिसराच शब्द. त्यामुळे त्यांच्या भाषेत वळिवड्याचा जैन शेतकरी, लिंगायत वाणी व मुसलमान टांगेवाला हे सारेच 'हिंदुस' ठरतात. फ्लॉरेन्सने कोल्हापूरचे नाव गमावले आणि वॉर्साने ते दगडावर कोरले, यातील फरक मात्र व्याकरणाचा नाही. फ्लॉरेन्सच्या लोकांनी एका रात्रीची चिता पाहिली होती. वळिवड्याची मुले येथे पाच वर्षे वाढली होती.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत झाली. तिचे नाव गांधीनगर. आज तेथील कापडबाजार साऱ्या दक्षिण महाराष्ट्रास परिचित आहे, आणि शाहूपुरीच्या पेठेशी त्याची देवघेव रोजची आहे. ज्या नदीच्या नावातील सकार इराणी, ग्रीक व चिनी मुखांत नाहीसा होऊन आपणां सर्वांस 'हिंदी' हे नाव मिळाले, तो सकार मूळ रूपात घेऊन आलेले हे लोक. कोल्हापुराने त्यांस कोणती नावे दिली, 'निर्वासित' हा शब्द बोलण्यातून केव्हा गेला आणि 'सिंधी' हा शब्द माणसावरून दुकानावर केव्हा सरकला, याची नोंद अद्याप कोणी केलेली नाही. ती करू शकणारी, पहिल्या पिढीचे बोलणे ज्यांच्या कानात आहे अशी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.